ॲम्प घुमतोय? आधी अर्थिंग बघा

परवा जुन्या जालन्यात हळदीचा कार्यक्रम होता. मंडपात गिटार लावली आणि ॲम्पमधून घुंऽऽ सुरू! तारांवर हात ठेवला की आवाज कमी, काढला की परत जोरात. ओठ माइकला टेकले तेव्हा तर झिणझिण्याच आल्या. जनरेटरच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. मित्रांनो, असं झालं तर वाजवणं थांबवा, आधी वायरमनला बोलवा. आणि घुमणं जावं म्हणून प्लगची तिसरी पिन कधीच काढू नका, जिवावर बेतू शकतं.

अर्थिंग ठीक असूनही घुमत असेल तर गिटारचा आवाज शून्यावर आणा. घुमणं थांबलं, तर बहुतेक दोष पिकअपचा, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाचा. सिंगल कॉइल पिकअप आसपासचा 50 हर्ट्झचा विजेचा आवाज ओढतो, उभ्या जागी थोडं वळलं तरी फरक पडतो. आवाज शून्यावर असूनही घुमणं चालूच राहिलं, तर ॲम्पमधले जुने कपॅसिटर तपासून घ्या.

आता या घुमणाऱ्या पिकअपची गोष्ट. तो मुळात आला मांडीवर आडव्या ठेवायच्या हवाइयन गिटारसाठी. 1932 ची रिकनबॅकर 'फ्राइंग पॅन' तीच. या गिटारची सरकत्या सुरांची हवाइयन शैली अमेरिकेत कंट्री संगीतात मुरली, गायक जिमी रॉजर्सच्या रेकॉर्डवर ऐका. आपल्याकडे ती सिनेमाच्या गाण्यांत आली. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतं गिटारवर वाजवून रेकॉर्ड काढल्या. आपल्या कुंडलिका नदीच्या अल्याड-पल्याड कुणाच्या माळ्यावर त्या तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका, मला कळवा. मी ऐकायला येतो!