खांद्याच्या पात्यावरची गाठ

लग्नसराईत माझ्या सांगलीच्या दुकानात ब्लाउजांचे ढीग लागतात. हूक, काजं, हातशिलाई करताना मान तासन्‌तास खाली. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. मान ताठ असली की ते मणक्यांवर तोललेलं राहतं, वाकली की भार मागच्या स्नायूंवर येतो. म्हणून आम्हा शिवणकाम करणाऱ्या बायकांची दुखरी जागा ठरलेली: खांद्याच्या पात्याचा वरचा, आतला कोपरा. तिथं दाबलं की चिंचोक्याएवढी कडक गाठ बोटाला लागते आणि कळ मानेतून वर चढते.

त्यासाठी टेनिसचा चेंडू लांब मोज्यात घालायचा. मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरलं की चेंडू पाठीमागे लोंबतो, निसटत नाही. भिंतीला टेकायचं, गुडघे वाकवत सावकाश वर-खाली व्हायचं. चेंडू मणक्यावर नको, शेजारच्या मांसावर हवा. गाठ सापडली की अर्धा मिनिट तिथंच रेलायचं, श्वास रोखायचा नाही. दुखतंय पण बरं वाटतंय, इतकाच दाब. गळ्याच्या पुढच्या बाजूला मात्र कधी दाबू नये. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथं असतात.

चोळण्याचा आराम काही तासच टिकतो. मैत्रिणी तेल लावून घेतात, महिनोन्‌महिने मानेला पट्टा बांधतात, आणि व्यायामाला वेळ नाही म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं. मान पेलायला ताकद लागते, ती तेलानं येत नाही. पट्ट्यानं तर स्नायू आणखी ढिले पडतात.

व्यायाम बॉबिन भरेपर्यंत उरकतो. ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे न्यायची, खाली वळी पडेल इतकी. पाच सेकंद धरायचं, असं दहा वेळा. मग कपाळाला तळहात लावून डोक्यानं हात रेटायचा, हातानं डोकं. मान जागची हलू द्यायची नाही. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. काही आठवडे नेटानं केलं तरच फरक कळतो.

हातशिलाईला मांडीवर जाड उशी घ्यावी, कापड वर येतं आणि मान कमी वाकते.

सलूनमध्ये मालिश झाल्यावर कडकन मान मोडतात, ते मी घरच्या पुरुषांना करू देत नाही. अशा झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आणि हाताला मुंग्या येत असतील, सुई बोटांतून सुटत असेल, चालताना तोल जात असेल, किंवा पडल्यावर मान दुखू लागली असेल, तर चेंडू बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.