सालीचे मोल कोणाच्या पदरात?

विनयपिटकातील चुल्लवग्गात कौशांबीची एक कथा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. हा भिक्षू आता कापडाचे दुकान मांडणार की काय, असे त्याला वाटले. त्याने येऊन विचारले, "एवढ्या वस्त्रांचे काय करणार?" आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची पथारी, पथारीची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकीही झिजली म्हणजे ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग करणे ही आपल्या धम्माची जुनी शिकवण आहे. मात्र फळांच्या बाबतीत आज काय होते? संत्र्याचा रस काढला की साल, चोथा व बिया मिळून फळाचे जवळजवळ निम्मे वजन मागे उरते. सफरचंदाचा रस काढल्यावर पाव हिस्सा चोथा राहतो. आंब्याचा गर डबाबंद करताना साल व कोय मिळून तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग बाजूला पडतो. हा माल ओला व गोडसर असतो, त्यामुळे दिवसभरात आंबू लागतो. मग तो उकिरड्यावर जातो, माशा घोंगावतात, आणि तो उचलायला बहुधा आपल्याच वस्तीतला हात लागतो.

कोंडा गेला, पोट बिघडले

या टाकाऊ भागात जे असते त्याला तंतुमय पदार्थ किंवा चोथा म्हणतात. तो पचत नाही म्हणून निरुपयोगी, असे पूर्वी मानीत. आयर्लंडचे डॉ. डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेत अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. जाडाभरडा आहार घेणाऱ्या तेथील लोकांत बद्धकोष्ठ व आतड्यांचे काही विकार फार कमी आढळतात, याकडे त्यांनी १९७० च्या दशकात जगाचे लक्ष वेधले.

चोथा दोन प्रकारचा. एक पाण्यात न विरघळणारा, जसा गव्हाचा कोंडा. त्याने शौचास साफ होते. दुसरा पाण्यात फुगून चिकट होणारा. फळातील पेक्टिन या प्रकारात येते. त्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते व कोलेस्टेरॉल काहीसे कमी होण्यास मदत होते. प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान २५ ग्रॅम चोथा असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले.

आपल्या आईआजीच्या ताटात तो आपोआप असे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तर तेवढ्याच मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. आज आपली मुले सकाळी चहाबरोबर पाव-बिस्किटे खातात, कामावरचा माणूस वडापावावर दुपार काढतो. मूळव्याध व मधुमेह हे आता केवळ श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. आणि गंमत पाहा, गरिबाच्या भाकरीतून गेलेला हाच चोथा 'फायबर' या नावाने सुंदर डब्यात भरून महाग विकला जातो.

सालीची पूड कशी होते?

पेक्टिन हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी १८२५ साली दिले. जॅम-जेली घट्ट होते ती याच्यामुळे. आज कारखान्यांत ते मुख्यतः लिंबू-संत्र्याच्या साली व सफरचंदाच्या चोथ्यापासून काढतात. साल गरम आम्लयुक्त पाण्यात शिजवून पेक्टिन उतरवतात व अल्कोहोलने साकळवतात. हे मोठ्या भांडवलाचे काम आहे.

चोथ्याची पूड करणे त्यामानाने सोपे. ताजी साल निवडून धुतात, बारीक करतात, पाण्याने तिची साखर व कडवटपणा काढतात, दाबून पाणी पिळतात. मग साधारण ६० अंश उष्णतेवर वाळवून दळतात. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. ही पूड स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते, म्हणून पाव व केक मऊ राहतात. बिस्किटात मैद्याच्या पाच ते दहा टक्के पूड चालते; जास्त घातली तर बिस्कीट कडक व कडू होते.

पुन्हा कचऱ्याकडेच?

येथे कोणी रागाने विचारील, "आम्ही शिकलो, शहरात आलो, आणि तुम्ही पुन्हा कचऱ्याकडेच ढकलता?" प्रश्न रास्त आहे. १९२७ च्या महाड परिषदेनंतर बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या वाडवडिलांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले. तेव्हा कातडे, हाडे, शिंगे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब काही सवर्णांनी मांडला. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असा बाबासाहेबांचा सवाल होता.

त्या कामात जन्माची सक्ती होती आणि नकाराचा हक्क नव्हता. म्हणून फरक ओळखला पाहिजे. कुजलेल्या सालींच्या टोपल्या हातमोज्यांशिवाय उचलायला कोणी सांगत असेल, तर आजही नाहीच म्हणायचे. पण ताजी साल स्वच्छ खोलीत, यंत्रावर, आपल्या मर्जीने, आपल्या हिशेबाच्या वहीत नोंद करून घेतली, तर तो धंदा आहे. नागपूर-अमरावतीची संत्री आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचे आंबे सोलणारे हात बहुतांशी कष्टकरी स्त्रियांचे आहेत. साल सोलण्याची मजुरी त्यांना मिळते. सालीचे मोल मात्र दुसऱ्याच्या पदरात का पडावे?

बचत गटांसाठी

हिशेब साफ हवा. ओल्या सालीत सुमारे पाऊणशे ते ऐंशी टक्के पाणी असते. म्हणजे १०० किलो साल आणली तर पूड वीस किलोही होत नाही. खरा खर्च वाहतुकीचा व सुकवण्याच्या इंधनाचा. म्हणून जागा कारखान्याजवळ हवी आणि माल त्याच दिवसाचा. आधी गिऱ्हाईक, मग यंत्र, मग कर्ज, हा क्रम चुकवू नये. जवळच्या बेकरीला नमुना द्यावा, तिने मागणी दिली तरच पुढे जावे. अन्न परवाना व प्रयोगशाळेची तपासणी हवीच, कारण कीटकनाशकांचा अंश सालीतच अधिक राहतो. प्रशिक्षणासाठी म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. आज कोणती योजना चालू आहे हे जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन लेखी विचारावे.

आणि घरी?

घरी यंत्र लागत नाही. मुलांना रसाऐवजी अख्खे फळ द्यावे. पेरू व सफरचंद चांगले धुऊन सालीसकट खावे. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी करावी. दोडक्याच्या शिरांची चटणी तर आपल्या घरी पूर्वीपासून आहेच. पीठ चाळून कोंडा टाकू नये. चोथा हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे. मात्र डॉक्टरांचे औषध बंद करू नये. रसाच्या गाडीवरच्या साली गोळा करून खाण्यासाठी वाळवू नयेत.

भगिनींनो, पुढच्या बैठकीत एवढाच विषय घ्या. आपल्या भागात कोणत्या फळाची साल किती पडते, ती कोठे जाते आणि तिचे पैसे कोणाला मिळतात, हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरे शोधा. हिशेब विचारायला शिकलेला समाज फसत नाही.

जयभीम.