खड्ड्याचं ठिगळ आणि त्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात नाहूर स्टेशनकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावरचा एकच खड्डा चार वेळा बुजवला गेला. तारखा माझ्या कवितांच्या वहीत आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मध्ये मी स्कूटरसकट त्यात पडलो आणि उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलं. कविता बंद होती, म्हणून हिशेब केला.

डांबरी रस्त्याचा वैरी पाणी. बारीक भेगेतून ते आत शिरतं, खडीवरचं डांबर सुटतं, आणि वरून चाक गेलं की दाबलेलं पाणी खडीच उखडून काढतं. म्हणून सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे मे महिन्यातच भेगा डांबराने बंद करणं. पण भेगेबद्दल तक्रार कोण करतो? तक्रार खड्ड्याची होते.

खड्डा पडल्यावर गरम डांबरी खडी स्वस्त पडते. मात्र ती ओल्या खड्ड्यात धरत नाही आणि भर पावसात दाबण्याआधीच निवते. मास्टिक म्हणजे शिजवलेलं घट्ट डांबर. त्यातून पाणी झिरपत नाही, रोलरही लागत नाही, पण खड्डा कोरडा हवा. पोत्यातून येणारं कोल्डमिक्स पावसातही भरता येतं, ते महाग. मुंबई महापालिकेने ते आधी परदेशातून आणलं, मग वरळीच्या आपल्या कारखान्यात बनवायला घेतलं. जुलै २०२२मध्ये आणिक-वडाळा रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आणि लवकर घट्ट होणारं काँक्रीटही भरून पाहिलं गेलं.

माझे अब्बा शिंपी होते. ठिगळ लावण्याआधी ते विरलेलं कापड कापून टाकत. रस्त्याचंही शास्त्र तेच सांगतं: कडा चौकोनी कापा, तळ झाडा, डांबराचा हात फिरवा, मग भरा. गंमत अशी, की १९९१च्या सुमारास अमेरिका-कॅनडात बाराशेहून अधिक ठिगळं मारून पाहिली, तेव्हा माल उत्तम असेल तर नुसता भरून त्यावर ट्रकचं चाक फिरवलेलं ठिगळही कापून केलेल्याइतकंच टिकलं. वर त्याच मजुरांकडून दिवसाला जास्त खड्डे भरून झाले. अब्बांना हे पटलं नसतं.

कारण साधं आहे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! खर्च मालापेक्षा मजूर, गाडी आणि अडलेल्या रहदारीचा मोठा. समजा, स्वस्त माल शंभराचा आणि बाकी खर्च तीनशेचा. चार खेपांचे सोळाशे झाले. तिप्पट महाग माल एकदाच भरला तर सहाशे. निविदेत मात्र मालाचा दर दिसतो, खेपा दिसत नाहीत.

आणि मनगट कुठल्या रकान्यात? १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रकाना उघडला: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. हे आकडे धरले तर महाग म्हणावा असा माल मला तरी दिसत नाही.

चौथ्या वेळी आलेल्या मुकादमाने पाणी उपसून पोत्यातला माल भरला आणि ट्रक सहा-सात वेळा मागेपुढे करायला लावला. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून त्याला हैराण केलं. सप्टेंबरअखेरचा पाऊस त्या ठिगळाने काढला.