मासळीतील प्रथिने आणि गोरेपणा

लग्नसराई आली की गुलमंडीवर गोरेपणाच्या मलमांची चौकशी वाढते. आम्हाला विठोबा सावळा चालतो, सून मात्र चालत नाही! १९७५ पासून खपणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ काढून टाकले. विवाहविषयक जाहिरातींतून ‘गोरी’ हा शब्द अजून गेलेला नाही. अलीकडे काही डब्यांवर ‘मरीन कोलॅजेन’ अशी अक्षरे दिसतात. मासळी म्हणजे जायकवाडीची, एवढेच ठाऊक असणाऱ्या आम्हा मंडळींना ही समुद्राची वस्तू काय, हा प्रश्न पडणारच.

मासा साफ केल्यावर कातडी व खवले उरतात. त्यांत कोलॅजेन हे प्रथिन विपुल असते. विकरांच्या साह्याने त्याचे बारीक तुकडे करतात. त्यांस पेप्टाइड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या टाकाऊ मालापासून असे पदार्थ बनविले आहेत. यात वावगे काहीच नाही.

आता रंगाकडे वळू. गोऱ्या व सावळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशी जवळजवळ सारख्याच असतात. फरक पडतो तो त्या मेलॅनिन किती व कसे बनवितात यामुळे. टायरोसिनेज नावाचे विकर आपल्या अंगच्या तांब्याच्या बळावर हे काम चालविते. काही पेप्टाइडे ते तांबे धरून ठेवतात आणि काम मंदावते. काचपात्रात हे खरोखर घडते. पण त्वचेचा वरचा थर हा तट आहे, आणि बावन्न दरवाजांच्या या शहरात तटाचा अर्थ वेगळा सांगायला नको. साधारणतः ५०० डाल्टनांहून जड रेणू तो सहसा ओलांडत नाही. अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे ३,००,००० डाल्टनांचा! तो वरच बसतो, ओलावा धरतो, त्वचा तुकतुकीत दिसते. यालाच लोक उजळणे समजतात.

पारा मात्र तट ओलांडतो. तोही त्याच विकराला अडवितो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो. अकोल्यातील एका कुटुंबात असे मलम वापरणाऱ्या तिघांची मूत्रपिंडे बिघडल्याचे प्रकरण २०२३ च्या सुमारास उघडकीस आले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तपासणीत पाऱ्याचा छडा लागला. २०२० च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या मलमात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. तेव्हा डब्यावर उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नसेल, आणि तरीही आठ दिवसांत चेहरा उजळलाच, तर डबा बंद करून आधी लघवी तपासून घ्यावी.