अनुस्वार दिसेना!

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग तपासतो. संगणकावर लिनक्स, टेबलावर २७ इंची फोर-के पडदा, शेजारी जुना फुल-एचडी. नव्या पडद्यावर घरचा मराठी मेल उघडला, तर अनुस्वार शोधायला चष्मा कमी पडतो! ३८४० × २१६० ठिपके २७ इंचांत बसवले की इंचाला सुमारे १६३ होतात. बरेच प्रोग्रॅम मात्र ९६ गृहीत धरून अक्षरं काढतात. दुप्पट केलं, तर मेनू सगळी जागा खातात. हवं असतं दीडपट.

गोची इथेच आहे. एक्स११ ही पडद्यावर चित्र काढणारी १९८७ची व्यवस्था. तिच्यात बहुधा सगळ्या पडद्यांना एकच माप. तिच्या जागी आलेलं वेलँड प्रत्येक पडद्याला वेगळं देतं, पण दीडपटीसाठी चित्र आधी दुप्पट काढून मग लहान केलं जाई. त्यात रेषा पुसट व्हायच्या. २०२२ अखेरीस अपूर्णांकी मापाचा प्रोटोकॉल आला आणि प्रोग्रॅमना थेट दीडपट काढता येऊ लागलं. एक्स११साठी लिहिलेले, वेलँडवर एक्सवेलँडमधून चालणारे जुने प्रोग्रॅम मात्र ताणलेल्या फोटोसारखे धूसर. आमचं कॅड त्यातलंच, आणि वेल्डिंगची खूण धूसर दिसणं मला परवडत नाही. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये अशा प्रोग्रॅमना स्वतःच मोठं होऊ देण्याची सोय आहे, ती लावली. रेषा धारदार झाल्या; टूलबारची बटणं तेवढी बारीकच राहिली.