विवेकाची तिसरी क्रिया

ॲरिस्टॉटलनें विवेकाची गणना बुद्धीच्या सद्गुणांत केली. त्याच्या नीतिशास्त्रावर भाष्य लिहिणारा कॅथलिक तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस, जो इ. स. १२७४ मध्यें वारला, विवेकाच्या तीन क्रिया सांगतो : विचार करणें, निर्णय करणें आणि स्वतःस आज्ञा देणें. यांत मुख्य कोणती? सामान्य मनुष्य निर्णयाकडे बोट दाखवील. थॉमस आज्ञेकडे दाखवितो.

एखाद्याचा भाऊ परगांवीं अंथरुणास खिळला आहे. भेटीस गेलें पाहिजे हें त्याला पटलें आहे. रविवारीं जावयाचें असें ठरलेंहि आहे. रविवार येतो आणि जातो. 'त्याला समजतें सगळें, पण होत नाहीं,' असें म्हणून लोक त्याच्या समजुतीस पूर्ण गुण देऊन टाकतात! थॉमसला ही सवलत मान्य नाहीं. त्याच्या मतें अशी हयगय हा विवेकाच्याच विरुद्ध असलेला दोष होय.

कारागिरानें जाणूनबुजून चूक केली, तर त्याच्या कौशल्यास बाध येत नाहीं. अजाणतां झालेली चूकच तेथें कमीपणाची. विवेकाचें याच्या अगदीं उलट आहे, असें हे दोघेहि म्हणतात. तेथें जाणून चुकणारा अधिक दोषी. तेव्हां 'मला कळत होतें' हें त्या भावाचें उत्तर बचावाचें न ठरतां कबुलीचेंच ठरतें; आणि पुढचा रविवार तर सहा दिवसांवर आलेला असतो.