सांस्कृतिक वारसा प्रकल्प आणि अनुदानाचे व्यवस्थापन : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संदर्भात

प्रस्तावना :
सांस्कृतिक वारशाच्या जतनाचे कार्य प्रामुख्याने अनुदानावर अवलंबून असते. किल्ला, लेणी, मंदिर, ताम्रपट किंवा हस्तलिखित यांच्या जतनातून तत्काळ उत्पन्न मिळत नाही. त्यामुळे शासन, विद्यापीठे, न्यास किंवा दानशूर व्यक्ती यांच्याकडून येणारा निधी हाच अशा कार्याचा आधार ठरतो. अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा याविषयी महाविद्यालयांतून चर्चासत्रे होतात. परंतु मिळालेले अनुदान प्रत्यक्ष कामाच्या गतीशी कसे जुळवावे याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या आधारे मांडला आहे आणि त्याच्या प्रकाशात उमरी परिसरातील एका लहान प्रकल्पाचा विचार केला आहे. दोन्हींच्या आकारमानात अर्थातच प्रचंड अंतर आहे. परंतु अडचणींचे स्वरूप बरेच सारखे आहे.

महाभारत प्रकल्प आणि निधीची जुळवाजुळव :
भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. पुढील वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र, चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्याचा औपचारिक आरंभ झाला. काम पूर्ण झाले ते १९६६ मध्ये; २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्याची सांगता झाली. म्हणजे एका देणगीच्या घोषणेने सुरू झालेला प्रकल्प सुमारे अर्धशतक चालला. या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले, देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली आणि प्रकल्पाला पैसा देणारी काही राज्येच नकाशावरून नाहीशी झाली.

एवढा दीर्घ काळ एकाच दात्याच्या बळावर काढणे शक्य नव्हते. मुंबई आणि मद्रास सरकार, बडोदा व म्हैसूरसारखी संस्थाने तसेच लंडनची ब्रिटिश अकादमी यांचे साहाय्य वेळोवेळी मिळाले. हैदराबादच्या निजामाने १९३० च्या दशकात काही वर्षे दरसाल १००० रुपये दिले आणि अतिथिगृहासाठी स्वतंत्र देणगी दिली. संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह त्याची साक्ष देते. आजचा नांदेड जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. त्या महसुलातील एखादा रुपया उमरी भागातील शेतसाऱ्याचाही असू शकेल, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र दात्यांची संख्या हे या प्रकल्पाच्या यशाचे खरे कारण नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खरे कारण कामाच्या विभागणीत आहे. संपूर्ण महाभारत हातात घेण्यापूर्वी ना. बा. उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली आणि ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ पाठविण्यात आली. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. त्यांच्या संपादनाखाली आदिपर्वाचा पहिला लहान भाग १९२७ मध्ये छापला गेला आणि संपूर्ण आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. पुढील पर्वे वेगवेगळ्या विद्वानांकडे सोपविली गेली. डॉ. रघु वीर यांनी विराटपर्व, डॉ. सुशीलकुमार डे यांनी उद्योगपर्व तर अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी सभापर्व संपादित केले. छापून झालेला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचता येत होता. पुढचा निधी आला नसता तरी तेवढे काम अभ्यासकांच्या हाती राहिलेच असते. आणि दात्यालाही आपल्या पैशाचे काय झाले हे अहवालात न शोधता पुस्तकातच पाहता येत होते.

दुसरी बाब पाठभेदांच्या नोंदीची. एक श्लोक मोठ्या कागदावर अक्षरशः सुटा करून लिहायचा आणि त्याखाली एकेका हस्तलिखितातील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवायचे, अशी पद्धत होती. प्रत्येक श्लोक किमान १० हस्तलिखितांशी ताडून पाहिला जाई; आदिपर्वासाठी ६० हस्तलिखिते वापरली गेली. दक्षिणी व बंगाली प्रतींसाठी तंजावर व शांतिनिकेतन येथेही हे काम करविण्यात आले. तेथील वाचकाने भरलेला कागद पुण्यातील संपादकाला त्याच्याशी न बोलता समजत असे. २१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर यांचे निधन झाले, तेव्हा डॉ. श्री. कृ. बेलवलकर यांनी कार्य पुढे नेले आणि १९६१ नंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी ते तडीस नेले. ज्ञान संपादकाच्या स्मरणात नव्हे तर कागदावर होते, म्हणून हे घडले.

आजचे नियम आणि कामाची गती :
आज केंद्र शासनाच्या अनुदानास सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. अनुदान हप्त्याने मिळते. आर्थिक वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते, अनुदानावर मिळालेले व्याज शासनाकडे जमा करावे लागते आणि अनुदानातून घेतलेल्या वस्तूंची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. या नियमांना दोष देण्याचे कारण नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. अडचण अशी की नियम पैशाची वाट दाखवितो. कामाची वाट संस्थेलाच आखावी लागते. कॅमेरा, संगणक यांसारख्या अनावर्ती बाबींवर मार्चअखेरपर्यंत खर्च करणे सोपे असते. पोथीची पाने क्रमाने लावणे, लिपी ओळखणे, विषय व काल ठरविणे ही कामे मात्र ३१ मार्चला ओळखत नाहीत.

हस्तलिखितांच्या बाबतीत हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या कार्याला २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या नव्या स्वरूपात ६० कोटी रुपयांची तरतूद मिळाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठरले. शैक्षणिक संस्था व खाजगी संग्राहक यांना त्यात स्थान आहे. ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत हा निधी आला तर तो कशावर खर्च व्हावा, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

उमरी परिसरातील अनुभव :
काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने उमरी तालुक्यातील एका घरी असलेल्या पोथ्यांच्या छायाचित्रणाचा लहानसा प्रकल्प घेतला होता. त्यांपैकी काही पोथ्या महानुभाव संप्रदायाच्या, सकळ लिपीत लिहिलेल्या होत्या. मंजुरी ऑगस्टमधील, पहिला हप्ता फेब्रुवारीत आला. मार्चअखेरीस कॅमेरा, हार्ड डिस्क आणि प्रकल्प सहायकाचे दोन महिन्यांचे मानधन एवढा खर्च झाला. सहायकाने तत्परतेने सुमारे दीड हजार छायाचित्रे काढली. दुसऱ्या हप्त्याला विलंब झाला आणि तो दुसऱ्या नोकरीवर गेला. छायाचित्रांना कॅमेऱ्याने दिलेले क्रमांक तसेच राहिले. कोणते चित्र कोणत्या पोथीचे, हे केवळ त्यालाच ठाऊक होते. एका पोथीची पाने बासनात परत बांधताना मागेपुढे झाली, हेही नंतर लक्षात आले. त्या दोषाची जबाबदारी अर्थातच प्रस्तुत लेखकाची आहे.

विशेष म्हणजे हिशेबात एका पैशाचीही चूक नव्हती. जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी येथील बँकेवर हल्ला केला आणि त्या रकमेचा चोख हिशेब ठेवला, असे उमरीत आजही अभिमानाने सांगितले जाते. आमची प्रमाणकेही तितकीच चोख होती. लेखापरीक्षण निर्विघ्न पार पडले, परंतु वाचता येईल अशी एकही पोथी तयार झाली नाही. त्या घरातील वडीलधारे गृहस्थ एकदा बाजारात भेटले. "सर, फोटू तर नेले तुम्ही. पोथी वाचून कोण दाखवणार?" असे त्यांनी विचारले. त्यावर देण्यासारखे उत्तर नव्हते.

त्यानंतर कामाची मांडणी बदलली. सर्व पोथ्यांचे छायाचित्रण आधी व वाचन नंतर, हा क्रम सोडून एकेक पोथी पूर्ण करण्याचे ठरविले. पाने मोजणे, क्रम तपासणे, छायाचित्रण, लिपी जाणणाऱ्याकडून पहिल्या व शेवटच्या पानाचे वाचन, सूचीतील नोंद आणि घरी द्यावयाची छापील प्रत एवढे झाल्यावरच दुसरी पोथी उघडावयाची. पोथीला दिलेला क्रमांक आणि पानाचा क्रमांक हेच छायाचित्राचे नाव. नोंदवही कागदाची, कारण हार्ड डिस्क तीन वर्षांनी उघडली नाही. खर्चाचे अंदाजपत्रक करतानाही एकूण रकमेऐवजी एका पोथीला लागणारा खर्च आधी काढला. त्यात लिपी वाचणाऱ्याचे मानधन कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा अधिक निघाले. नव्या प्रस्तावात ते स्वतंत्र बाब म्हणून दाखविले आहे. अशा नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो, म्हणून ते 'इतर' या शीर्षाखाली लिहावे लागले.

या पद्धतीने आतापर्यंत दोन पोथ्या पूर्ण झाल्या. मागेपुढे झालेली पाने असलेली पोथी सर्वप्रथम घेतली. पानांवरील जुने क्रमांक कसरीने खाल्ले असल्याने मजकुराच्या आधाराने क्रम लावावा लागला आणि त्यास पाच आठवडे लागले. तिची छापील प्रत मूळ बासनासोबत त्या घरी ठेवली आहे; सूचीची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि दुसरी त्या गृहस्थांकडे आहे.